पाठमोरी शर्यत

दोर वळणाऱ्याचं सगळं कामच उलटं. बाकीचं जग पुढं चालून पोट भरतं, हा मागं चालून. कमरेला वाखाची, म्हणजे घायपाताच्या धाग्यांची, जुडी गुंडाळायची, चार तंतू चाकाच्या आकड्यात अडकवायचे, बायकोनं दांडा फिरवायला लागायचं आणि यानं चिमटीतून वाख सोडत, तिच्याकडं तोंड ठेवून एकेक पाऊल मागं सरकायचं. जमिनीची पट्टी संपली की टोक हातात धरून परत यायचं. पण येताना मान खाली, नजर दोरावर. कुठं गाठ राहिली का, कुठं पीळ सैल पडला का ते बघत, डुलत डुलत. याला पुढं चालणं म्हणायचं तर म्हशीच्या रवंथाला भाषण म्हणावं लागेल.

दोरवालीनं लग्न झाल्यापासून नवऱ्याला असंच पाहिलं होतं. सकाळी तिच्यापासून लांब लांब जाणारा, आणि तोंड मात्र तिच्याकडंच. मागं काय आहे ते त्याला दिसत नसे, म्हणून ते तिनं सांगायचं. डावीकडं. खड्डा. कुत्रं झोपलंय, थांबा. तिचा आवाज मुळात काही मोठा नव्हता, पण इतक्या वर्षांत असा घडला होता की ओरडावं न लागता पट्टीच्या त्या टोकाला पोचायचा. घरात भांडण असो की अबोला, चाक फिरायला लागलं की खड्डा सांगावाच लागे. एकदा रागाच्या भरात तिनं कुत्रं सांगितलं नव्हतं. कुत्रं पळून गेलं, नवरा खाटेवर पडला आणि त्याला उठवण्या-बसवण्याचं काम तिच्याच गळ्यात आलं. तेव्हापासून तिनं राग आणि चाक यांची गल्लत केली नाही.

ही पट्टी होती आत्याची. नवऱ्याच्या सख्ख्या आत्याची. गावाच्या कडेला उंचवट्यावर, चिंचोळी आणि लांबच लांब. एका अंगाला दोरवाल्याचं घर, दुसऱ्या अंगाला त्याच्या चुलतभावाचं, म्हणजे वीटवाल्याचं. आत्याला मूलबाळ नव्हतं, तिनं दोघा भाच्यांना अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि आता दोघं मिळून तिचं डोकं खात होते.

कारण त्या वर्षी पाऊस हलायलाच तयार नव्हता. जायचे दिवस आले तरी पाहुण्यासारखा आज जातो उद्या जातो करत राहिला. वीटवाल्याचं विटा वाळवायचं आवार घोटाभर चिखलात गेलं. सगळ्या गावात कोरडी जागा उरली ती एकच, आत्याची पट्टी. एके दिवशी सकाळी वीटवाल्यानं कच्च्या विटांच्या रांगा आणून पट्टीवर मांडल्या. दोरवाला नेहमीसारखा मागं मागं निघाला. दोरवालीनं "विटा" म्हणून सांगेपर्यंत त्याची टाच एका विटेत रुतली होती, आणि पाय सोडवताना दुसऱ्या पायाखाली आणखी तीन गेल्या.

वीटवाला ती टाच उमटलेली वीट घेऊन आत्याकडं गेला. दोरवाला चिखलानं बरबटलेला वाख घेऊन गेला. पुरावा दोघांकडं होता. हा म्हणे, माझं पोट त्या पट्टीवर आहे. तो म्हणे, मग माझं पोट काय पाठीवर आहे? हे असं रोज. आत्या दुपारची जरा लवंडली की दारात एक जण, आणि तो गेला की दुसरा.

असंच दोघं भांडत असताना गावात डेअरीचा टेम्पो भोंगा वाजवत आला. डेअरीनं तलावाला वळसा घालून परत बाजारतळावर यायची पळण्याची मोठी शर्यत ठेवली होती. कोणीही यावं, पळावं. आत्या डोळे मिटूनच ऐकत होती.

ती म्हणाली, "दोघंही जा पळायला. जो आधी परत येईल त्याची पट्टी. आणि तोवर मला झोपू द्या."

दोघांना वाटलं, म्हातारी वैतागून बोलली. पण दुसऱ्या दिवशी तिनं हेच पिठाच्या गिरणीत चार बायकांसमोर सांगितलं, आणि गिरणीत सांगितलेलं म्हणजे दगडावर कोरलेलं.

दोरवाली हिशेब करायला लागली. पट्टी गेली तर बाकी सगळा चिखल, चाक मांडायला जागा कुठं? कापणी तोंडावर आली होती, पेंढ्या बांधायला दोर लागतील म्हणून शेतकरी सांगून गेले होते. पट्टी नसली की चाक मोडीत घालायचं आणि शहरात भावाच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, एवढंच उरत होतं. भाऊ चांगला होता. पण दार भावजय उघडायची.

दोरवाल्याला मात्र काळजीचं नावच नव्हतं. तो म्हणाला, "अगं, मी जन्मभर चालतोय. तो एका जागी बसून साचे भरतो. यात शर्यत ती कसली?"

ती म्हणाली, "तुम्ही चालता ते मागं."

"पाय तेच ना?"

पाय तेच होते, हे खरंच होतं.

तयारीची जबाबदारी न्हाव्यानं आपणहून घेतली. न्हाव्याचा सल्ला फुकट असे, आणि तो देताना वस्तरा गळ्यावर असल्यामुळे कोणी वाद घालत नसे. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या अंगात दम मोजका असतो. रोज पळून तो संपवला तर शर्यतीच्या दिवशी काय कपाळ पळणार? तेव्हा दम साठवायचा. चालायचं नाही, वजन उचलायचं नाही, शक्य तर बोलायचंही नाही. दोरवाल्याला हे शास्त्र फार पटलं. त्यानं खाट ओसरीत ओढली आणि दम साठवायला घेतला.

चाक बंद पडलं. दोरवाली एकटी बसून वाख विंचरायची, जुड्या बांधायची, आणि ओसरीतून दम साठवल्याचा आवाज यायचा. तो घोरण्यासारखाच होता. ती मनात म्हणायची, या माणसाला झोपून शर्यत जिंकायची आहे आणि मी जागून ती हरणार आहे. शेवटी तिनं धोशाच लावला, की एकदा तरी पळून दाखवा. तिच्या तोंडाला कंटाळून एका संध्याकाळी तो निघाला. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत त्याला जाताना तिनं पाहिलं. त्यानंतर बराच वेळ काही दिसलं नाही. मग गवताची गाडी आली, आणि गवतावर हा बसलेला.

गाडीवरून उतरत तो म्हणाला, की पळायचं कसं ते आता आठवलं, उगाच आणखी दम घालवण्यात अर्थ नाही.

पलीकडच्या घरात काय चाललंय ते पट्टीवरून थोडं थोडं कळत होतं. वीटवाल्याचा डाव वेगळा होता. तो दोन्ही हातांत एकेक वीट धरून भट्टीभोवती फेऱ्या मारायचा. ओझ्यानं पळायची सवय झाली की शर्यतीच्या दिवशी ओझं नसल्यामुळे आपण आपोआप उडत जाऊ, असा हिशेब. नळावर जाऊ, वीटवाल्याची बायको, भेटली तेव्हा तिनं नाक वर करून सांगितलं, की आमचं माणूस नुसतं वाऱ्यासारखं पळतंय. दोरवाली कशाला मागं राहते? तिनं सांगितलं, आमच्यांना तर थांबवावं लागतं. दोघींनी आपापल्या घागरी उचलल्या आणि ताठ मानेनं गेल्या.

पुढच्याच दिवशी जाऊ नळावर लवकर आली होती. पाणी तापवायचं होतं म्हणाली. का, तर पाठ शेकायला. विटांच्या फेऱ्या मारता मारता वाऱ्याच्या कमरेत चमक भरली होती. दोरवालीला हसू आलं. तिनं ते घागरीत तोंड घालून लपवलं, पण जावेला दिसायचं ते दिसलं, आणि मग तीही हसली. भांडण सुरू झाल्यापासून दोघी पहिल्यांदा एकत्र हसल्या. त्याचं पुढं काही झालं नाही. पाणी भरून दोघी आपापल्या घरी गेल्या.

शर्यतीला लागणारे बूट दोरवालीच्या भावाचे जुने होते. ते दोरवाल्याला मोठे व्हायचे. त्यानं पुढं वाखाचे बोळे कोंबले. ती म्हणाली, वाख खाजेल. तो हसला. ज्या माणसानं जन्म वाखात काढला त्याला वाख खाजणार? त्यानं तळहात दाखवले. तळहात खरोखरच लाकडासारखे झाले होते. पण बूट हातात घालायचे नव्हते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि तिनंही नाद सोडला. अर्धी चड्डी न्हाव्यानं दिली. न्हावी अंगानं भरलेला, तेव्हा तीही ढगळ. ती जागेवर राहावी म्हणून दोरवाल्यानं आपल्याच हातचा एक चांगला लांब दोर कमरेला तीनचार वेढे घेऊन बांधला. निदान तेवढी एक गोष्ट घरची आणि भरवशाची होती.

सकाळी न्हावी उकडलेली अंडी घेऊन आला. ताकद अंड्यात असते म्हणाला. दोरवाल्यानं ताटभर ताकद खाल्ली आणि वर तांब्याभर दूध प्यायला. उठताना त्याला भिंत धरावी लागली.

बाजारतळावर पांढऱ्या फक्कीनं रेघ आखली होती. रेघेच्या बाजूला टेबल, टेबलावर डेअरीचे साहेब, आणि त्यांच्या पलीकडं स्वतःची खुर्ची घरून आणून बसलेली आत्या. गावोगावची पोरंटोरं, शिपाई होऊ बघणारे, डेअरीचे गडी असे बरेच जण जमले होते. त्यांच्या पोटऱ्या बघून दोरवालीची उमेदच गेली. मग तिनं चुलतदिराकडं पाहिलं. तो कमरेला फडकं घट्ट आवळून, एका बाजूला कलून उभा होता. ते बघून जरा धीर आला. पहिलं कोण येतं याच्याशी आपल्याला काय करायचंय, या एकाच्या पुढं आलं की झालं.

शिट्टी वाजली. सगळे सुटले. दोरवालाही सुटला, पण सवयीनं मान खाली घालून, दोराची गाठ शोधत असल्यासारखा. त्याला उत्तेजन द्यायला न्हावी थोडा पुढं जाऊन रस्त्यात उभा होता. दोरवाला सरळ त्याच्या पोटावर जाऊन आपटला. दोघं उठेपर्यंत वीटवाला कलत कलत पुढं निघून गेला होता. आत्यानं डोळ्यावर पदर ओढला.

मग वाट बघणं सुरू झालं. ऊन वर आलं. पहिला आला, दुसरा आला, साहेबांनी कर्ण्यावरून नावं पुकारली, टाळ्या झाल्या. घोळक्याघोळक्यानं पोरं आली, दूध प्यायली, बक्षिसाच्या बादल्या घेऊन गेली. एक म्हातारा शिंपी आला, तोही टाळ्या घेऊन गेला. आपल्या दोघांचा मात्र पत्ता नाही. दोरवाली रेघेच्या एका बाजूला, जाऊ दुसऱ्या बाजूला. दोघी एकमेकींकडं न बघता एकाच रस्त्याकडं बघत होत्या.

वाटेत पाणी वाटायला गेलेला डेअरीचा गडी सायकलवरून परतला. त्यानं बातमी आणली. पंपघराच्या चढावर दोन माणसं बसलीत. एक रस्त्याच्या या कडेला, एक त्या कडेला. एकानं बूट काढून पाय दगडावर घासायला घेतलेत, दुसरा पालथा पडलाय. आपण म्हटलं सायकलवर बसा, तर दोघांनी शिव्या घातल्या. दोघंही म्हणाले, आधी तो उठू दे, मग मी उठतो.

साहेब हसले आणि मांडव सोडायला सांगून चहा प्यायला गेले. फक्कीची रेघ तेवढी राहिली, आणि टेबलावर कर्णा.

दोरवाली पुढं जाऊन उभी राहिली. बाजारतळापासून तलावाचा बांध सरळ दिसतो. शर्यतीचा शेवटचा टप्पा त्या बांधावरून होता. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला खोल चर, मधे बैलगाडीपुरती वाट. बराच वेळ त्या वाटेवर नुसतं ऊन होतं. मग टोकाला दोन ठिपके दिसले. ठिपके जरा मोठे झाले तशी तिनं डोळ्यावर हात धरला. दोघांपैकी पुढचा तिचा नवरा होता. पण तो परत चालला होता. म्हणजे चालला इकडंच होता, पाठ मात्र इकडं होती.

झालं होतं ते असं. चढावर दोघं एकदमच उठले, कारण दोघांनाही तहान लागली होती. चार पावलं टाकताच दोरवाल्याच्या मांड्या अशा धरल्या की पाऊल पुढं पडेना. वीटवाला किती जवळ आला ते बघायला तो मागं वळला आणि तसाच दोन पावलं मागं सरकला. काहीच दुखलं नाही. आणखी चार टाकली. पाय जणू घरी आले. मग काय, अनवाणी, बूट गळ्यात अडकवून, तो चढ चढला, उतार उतरला आणि बांधाला लागला. वीटवाला समोर, हा समोर. दोघांची तोंडं एकमेकांकडं. इतक्या दिवसांत दोघांना भांडायला असा निवांत वेळ मिळाला नव्हता. विटा झाल्या, वाख झाला, मग लहानपणी आत्याचा माठ कोणी फोडला तेही झालं. एक जण मागं मागं जातोय, दुसरा त्याच्या तोंडासमोर लंगडत येतोय, आणि दोघांचे हात चाललेत, असा तो सगळा देखावा बांधावरून पुढं पुढं सरकत होता.

पण दोरवालीला हसू आलं नाही, कारण तिला दुसरंच दिसलं. नवरा हळूहळू तलावाच्या बाजूला कलत होता. तो नेहमीच तसा कलायचा, उजवा पाय त्याचा जरा लांब पडायचा. पट्टीवर असता तर तिनं केव्हाच सांगितलं असतं. आणि चुलतदीर काय सांगत होता ते वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू आलं. "मागं खड्डाय, तलावाच्या अंगाला हो, आणखी हो, मी खोटं कशाला सांगू?"

एवढ्या लांब तिचा आवाज पोचणार नव्हता. चार माणसांत तोंड उघडायची तिला सवय नव्हती. पण तिनं टेबलावरचा कर्णा उचलला.

"अहो, डावीकडं."

साऱ्या बाजारतळावर तो आवाज घुमला. चहा पिणारे साहेब वळून बघायला लागले. बांधावर नवऱ्याचं अंग क्षणभर थबकलं, आणि मग पाऊल डावीकडं पडलं. त्यानं विचारलं नाही, वळून पाहिलं नाही.

"अजून डावीकडं. पुरे. आता सरळ या."

तो सरळ आला. आता तो झपाट्यानं येत होता. ती बोलत होती आणि तो चालत होता, मधे फक्त चाक नव्हतं. दगड म्हटलं की दगड टाळत होता. वीटवाला मागं पडत चालला. पट्टी आपली, दोरवालीच्या मनात आलं, पट्टी आपलीच.

तेवढ्यात वीटवाल्याची कंबर गेली. तो मटकन खाली बसला आणि बसल्या बसल्या बांधाच्या उतारावरून तलावाकडं घसरायला लागला. तोंडानं अजून माठाचंच चालू होतं. मग बोलणं थांबलं आणि त्यानं गवत धरलं. ओलं गवत ते, मुळासकट हातात येत होतं.

शर्यतीत बाकी कोणाला मागचा माणूस दिसत नसतो. दोरवाल्याला दिसला. तो थांबला.

दोरवालीनं कर्णा तोंडाशी धरलेला होता. या, लवकर या, एवढं म्हणायचं होतं. तो आला असता, तिच्या शब्दाबाहेर तो मागं पाऊल टाकत नसे. शेजारी जाऊ येऊन उभी राहिली होती. तिनं दोरवालीच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ते आपण धरलंय हे तिला माहीत नव्हतं. दोरवालीला स्वतःचाच राग आला, नशिबाचा आला, आत्याचा आला. पण राग आणि चाक वेगळं ठेवायची तिची सवय जुनी होती.

ती कर्ण्यात म्हणाली, "कमरेचा दोर सोडा."

दोरवाल्यानं दोर सोडला आणि टोक खाली फेकलं. वीटवाल्यानं ते मनगटाला गुंडाळलं. आणि मग दोरवाला आपल्याला येत असलेलं एकमेव काम करायला लागला. दोर ताणून धरायचा आणि मागं मागं चालायचं. दोन पावलं बरी गेली. तिसऱ्या पावलाला न्हाव्याची चड्डी खाली यायला लागली, कारण ती ज्या दोरावर उभी होती त्या दोरावर आता चुलतभाऊ होता. साऱ्या गावासमोर दोरवाल्यानं एका हातानं अब्रू धरली, दुसऱ्या हातानं भाऊ धरला, भावाला वर वाटेवर घेतलं, आणि दोन्ही तसंच ओढत तो बांधावरून बाजारतळाकडं उतरला. बाजारतळावरची माणसं पोट धरून हसत होती. दोरवालीही हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कर्णा तोंडाशी असल्यामुळे ते हसूही सगळ्यांना ऐकू जात होतं.

"सरळ या. अजून. आली रेघ."

त्याची टाच फक्कीवर पडली. मागून दोराच्या टोकाला वीटवाला आला, गुडघ्यांवर.

आल्या आल्या तो म्हणाला, की दोर एकच होता, म्हणजे दोघं एकदमच आलो, पट्टी अर्धी अर्धी. बुडता बुडता वाचलेला माणूस, पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

आत्यानं डोळ्यावरचा पदर काढला. "दोराचं हे टोक रेघेवर आलं तेव्हा तू कुठं होतास रे?"

वीटवाला मनगटावरचा दोर सोडवायला लागला.

"पट्टी दोरवाल्याची," आत्या म्हणाली. "आणि माठ तुम्ही दोघांनी मिळून फोडला होता. आता मला घरी न्या, माझे पाय दुखतात." ती सकाळपासून खुर्चीत बसून होती.

दुसऱ्या दिवशी दोघांपैकी एकालाही उठता येईना. दोरवाल्याच्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या आणि पायांना वाखाचे लाल चट्टे उठले होते. वीटवाला पालथा पडून होता. दोन्ही खाटा आपापल्या ओसरीत, आणि मधली पट्टी रिकामी. पट्टी मिळाली खरी, पण तिच्यावर चालायला पाय नव्हते, आणि दोर न्यायला शेतकरी यायचे होते. दोरवाली चाकाशी जाऊन नुसती उभी राहिली. एकटीनं चाक फिरवायचं की मागं चालायचं?

पलीकडून जाऊ आली. मान खाली होती. बांधावरच्या गोष्टीचा तिनं एका शब्दानंही उच्चार केला नाही. तिनं दांड्याला हात लावला आणि विचारलं, हे जोरात फिरवायचं की हळू?

"हळू," दोरवाली म्हणाली. "आणि मागचं मला सांगत राहायचं."

मग तिनं आणखी एक सांगितलं. रात्रभर तिच्या डोक्यात घोळत होतं ते. दोर वळायला मधली माणूसभर वाट पुरते. दोन्ही कडांना विटा मांडल्या तर मांडू देत. कलून चालणाऱ्याला तेवढंच कुंपण. जावेनं तिच्याकडं बघितलं आणि पटकन मान फिरवून दांडा हातात घेतला.

दोरवालीनं कमरेला जुडी गुंडाळली, तंतू आकड्यात अडकवले आणि पहिलं पाऊल मागं टाकलं. भीती वाटली. पाठीमागं काहीच नसल्यासारखं वाटलं. समोर चाक, चाकाशी जाऊ, त्यामागं आपलं दार, सगळं लहान लहान होत चाललेलं. इतकी वर्षं आपण त्याला असे दिसत होतो तर. रोज सकाळी लहान होत जाणारी एक बाई, आणि तिच्या तोंडाकडं बघत, ती सांगेल तसा हा माणूस न बघता पाऊल टाकत होता. तिला त्याची एकदम माया आली.

ओसरीतल्या खाटेवरून तो कोपरावर उठला. "अगं, जपून. उजवीकडं खड्डाय."

पलीकडच्या ओसरीतून वीटवाला ओरडला, खड्डा डावीकडं आहे, जन्मभर चालून एवढं कळत नाही का? इकडून उत्तर गेलं, की मला विचारतोस, माझी वाट आहे ती. दोघांची जुंपली.

तो जन्मभर त्या वाटेवर चालला होता, पण वाट काही त्यानं कधी पाहिली नव्हती. दोरवालीनं दोघांकडंही लक्ष दिलं नाही. ती जावेच्या तोंडाकडं बघत राहिली.

"खड्डा पाठीमागंच आहे," जाऊ म्हणाली. "एक पाऊल मोठं टाक."

तिनं टाकलं.